गळ्यातली नळी, हातातला फिस्टुला आणि सही नेमकी कुणाची?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो मला कळलाय तसा मांडते, म्हणजे काही सुटलं असेल तर ध्यानात येईल. तुमचे आप्पा, वय ६३, पंधरा वर्षांचा मधुमेह. रात्री अकराच्या सुमारास धाप लागली म्हणून दवाखान्यात नेलं. क्रिएटिनिन (किडनीचं काम किती बिघडलंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) ९.८, पोटॅशियम चढलेलं, लघवी जवळपास बंद. आयसीयूच्या दाराशी एका डॉक्टरांनी तीन कागद तुमच्यापुढे धरले, "इथे, इथे आणि इथे" म्हणून सह्या घेतल्या आणि अर्ध्या तासात गळ्यात नळी टाकून डायलिसिस सुरू झालं. त्याला आता बारा दिवस झाले. येत्या शुक्रवारी डाव्या हाताला फिस्टुलाचं, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडायचं, ऑपरेशन ठरलंय, पुन्हा तसाच कागद आलाय आणि आप्पा अडून बसलेत: "गळ्यात भोसकताना मला कुणी विचारलं नाही, आता हातपण कापायचा का? मी सही करणार नाही, तूही करायची नाहीस." तुमचं विचारणं असं, की सही करू का, डॉक्टरांना काय काय विचारू आणि त्या रात्री झालं ते चूक होतं का.

मी किडनीची डॉक्टर आहे. बावीस वर्षं मराठवाड्यात एका जिल्ह्याच्या गावी डायलिसिस युनिट सांभाळते. तुम्ही वर्णन केलेला आयसीयूचा दरवाजा मी दोन्ही बाजूंनी पाहिलाय, कारण माझ्या सासऱ्यांच्या वेळी बाहेरच्या बाकड्यावर मीच बसले होते. तेव्हा घोळ न घालता सांगते. शुक्रवारच्या कागदावर तुम्ही सही करू नका. आप्पा शुद्धीत आहेत, बोलतात, भांडतात. ती सही त्यांची आहे. आणि त्यांचा राग फिस्टुलावर आहे असं मला वाटत नाही. दुधाने तोंड पोळलंय, म्हणून ते ताक फुंकतायत.

आधी त्या रात्रीचं बोलू, कारण ते मनातून निघाल्याशिवाय पुढचं ऐकूच येणार नाही.

पोटॅशियम फार चढलं की हृदयाचा ठेका कधी बिघडेल याचा नेम नसतो. त्यात छातीत पाणी भरलेलं. अशा वेळी तासाभराचा उशीरही महागात पडतो. डायलिसिसच्या मशीनला दर मिनिटाला साधारण २५० ते ३०० मिलिलिटर रक्त लागतं, तेवढं बाहेर काढायचं, गाळायचं आणि परत सोडायचं. सलाइनच्या सुईतून एवढं रक्त येणं शक्य नाही. म्हणून मानेतल्या नाहीतर जांघेतल्या मोठ्या शिरेत दोन तोंडांची जाड नळी घालावी लागते. फिस्टुलाचा पर्याय त्या रात्री नव्हताच, कारण तो वापरण्याजोगा व्हायला कित्येक आठवडे जातात. तुम्ही सांगितलेल्या आकड्यांवरून तरी नळी टाकण्याचा निर्णय मला बरोबर वाटतो. मीही टाकली असती.

विचारण्याची पद्धत मात्र बरोबर होती का, हे आप्पा त्या वेळी कोणत्या अवस्थेत होते त्यावर ठरेल. युरिया खूप वाढला की माणूस गुंगीत जातो, बरळतो, मुलाला भाऊ समजतो. तसं असेल आणि वेळ नसेल, तर डॉक्टरने रुग्णाच्या भल्यासाठी सद्हेतूने केलेल्या कृतीला कायदा संरक्षण देतो. पूर्वी दंडसंहितेत कलम ९२ होतं, आता भारतीय न्याय संहितेत ते ३० आहे. त्या वेळी तुम्हाला सांगून, तुमची सही घेऊन पुढे जाणं रास्तच. पण धाप लागल्यामुळे ज्याला बोलता येत नाही, त्याला समजतही नाही असं धरून चालणं ही आम्हा डॉक्टरांची जुनी खोड आहे.

ही खोड मलाही होती. सुरुवातीच्या वर्षांत एक निवृत्त शाळामास्तर असेच रात्री आले. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, श्वास मिनिटाला चाळीस. मी दाराबाहेर त्यांच्या मुलाशी बोलले, सही घेतली, आत आले, मानेवर हिरवं कापड टाकलं आणि भुलेची सुई टोचली. डायलिसिस छान झालं. तीन दिवसांनी मास्तर उठून बसले आणि मला म्हणाले, "म्याडम, मला सगळं कळत होतं. तुम्ही काचेपलीकडे माझ्या पोराला कागद देताना मी बघत होतो. मला वाटलं मी गेलो आणि तुम्ही बॉडी ताब्यात द्यायच्या सह्या घेताय." त्यानंतर त्यांनी तोंडावर पांघरूण घेतलं. मी बराच वेळ तिथेच उभी होते.

त्या दिवसापासून कितीही घाई असली तरी मी कापड टाकायच्या आधी रुग्णाच्या कानाशी चार वाक्यं बोलते. "किडनी बंद पडल्यामुळे तुम्हाला धाप लागली आहे. रक्त धुवायला मानेत एक नळी घालावी लागेल, टोचल्यासारखं आणि दाबल्यासारखं वाटेल. क्वचित रक्तस्राव होतो किंवा फुप्फुसाला इजा होते, म्हणून सोनोग्राफीत बघून घालतो. चालेल का? चालत असेल तर माझा हात दाबा." एक मिनिटसुद्धा लागत नाही. बहुतेक जण हात दाबतात. न दाबणाराही एखादा असतो, मग थांबून पुन्हा सांगते.

आणखी एक बारीकशी गोष्ट. आयसीयूत घेताना सिस्टर रुग्णाचा चष्मा, कवळी, कानातलं मशीन एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नातेवाइकांकडे देतात. वस्तू हरवू नयेत म्हणून हे बरोबरच आहे. पण चष्मा नाही, कवळी नाही, ऐकायला येत नाही, अशा माणसाकडे बघून आपण म्हणतो, "पेशंट को-ऑपरेट करत नाही, मुलाला बोलवा." पिशवी परत मागवली तर निम्मे रुग्ण पाच मिनिटांत बोलायला लागतात.

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण एक निकाल प्रत्येक डॉक्टरने आणि खरं तर प्रत्येक नातेवाइकाने माहीत करून घ्यावा असा आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात निकाल दिला. ४४ वर्षांची बाई, दुर्बिणीतून तपासणीसाठी भूल दिलेली. ती बेशुद्ध असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय काढून टाकलं. न्यायालयाने सांगितलं की रुग्ण सज्ञान आहे, थोड्या वेळात शुद्धीवर येणार आहे, जिवावर बेतलेलं नाही, मग आईची संमती चालणार नाही. तपासणीला दिलेली संमती ऑपरेशनला लागू होत नाही, हेही त्यातच आलं. रुग्णाला काय सांगायचं तेही तिथे स्पष्ट केलंय: काय करणार आणि कशासाठी, दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते, आणि नाही केलं तर काय होईल. हजारात एखाद्याला होणारी प्रत्येक गोष्ट मोजून दाखवायची गरज नाही, पण या चार गोष्टी हव्यातच.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा की त्या रात्रीची सही त्या रात्रीच्या नळीपुरती होती. फिस्टुला हे वेगळं ऑपरेशन आहे, त्याची संमती नव्याने आणि आप्पांची स्वतःची. उद्या गळ्यातली कच्ची नळी काढून पक्की नळी, म्हणजे पर्मकॅथ, टाकायची झाली तर तिचीही वेगळी. "डायलिसिसची संमती दिलीय ना, त्यातच सगळं आलं," असं कुणी म्हटलं तर ते बरोबर नाही.

आणि तुम्ही जे विचारलं नाहीत पण जे मला या सगळ्याचं मूळ वाटतं, ते इथे आहे. डायलिसिसच्या रुग्णाला आम्ही एकेका कागदावर एकेक सही मागतो. सगळा रस्ता कुणी एकदाही बसून दाखवत नाही. कच्ची नळी, मग पक्की नळी, मग फिस्टुला, तो बंद पडला तर फुग्याने शीर रुंद करणं, नाहीतर कोपराजवळ दुसरा फिस्टुला, शिरा संपल्या तर कृत्रिम नळीचा ग्राफ्ट. प्रत्येक वळणावर नवा कागद येतो आणि घरच्यांना वाटतं, आधीचं फसलं म्हणून हे आलं. खरं तर यातलं बरंचसं पहिल्याच आठवड्यात सांगता येण्यासारखं असतं.

तर आप्पांना हे समजावून द्या. मी माझ्या रुग्णांना सांगते तसं लिहिते.

गळ्यातली सध्याची नळी फार दिवस ठेवायची नसते. साधारण दोन आठवड्यांच्या पुढे तिच्यातून जंतू रक्तात जाण्याची भीती वाढत जाते. तुमचे बारा दिवस झालेत. डायलिसिस सुरू असताना किंवा त्यानंतर हुडहुडी भरून ताप आला तर "थंडी बाधली असेल" म्हणून क्रोसिन देऊन रात्र काढू नका, त्याच वेळी युनिटला फोन करा. फिस्टुला तयार होईपर्यंतचे आठवडे या नळीवर निघणार नाहीत, म्हणजे मधल्या काळासाठी पर्मकॅथ लागण्याची दाट शक्यता आहे. तिला त्वचेखालून बोगद्यासारखी वाट असते आणि त्यात एक मऊ पट्टी रुतून बसते, त्यामुळे ती काही महिने चालते. शुक्रवारी डॉक्टरांना पहिलं हेच विचारा: मधल्या काळाचं काय? नळी उजव्या मानेतूनच टाकणार आहात ना, हेही विचारा. हाडाखालच्या, म्हणजे गळपट्टीच्या हाडाखालच्या शिरेत नळी टाकली तर ती शीर आत आकसण्याचा धोका जास्त असतो, आणि मग त्या बाजूच्या हाताचा फिस्टुलाच अडचणीत येतो. दुसरा मार्गच उरला नसेल तरच तिथे जावं.

फिस्टुला म्हणजे मनगटाजवळची धमनी आणि शेजारची शीर एकमेकींना जोडायची. आमच्या भागातल्या माणसाला मी कालव्याचं उदाहरण देते. कालव्याचं पाणी जोराने चारीत सोडलं की चारी हळूहळू रुंद होत जाते. तसं धमनीचं रक्त शिरेत गेलं की शीर फुगते, तिची भिंत जाड होते आणि मग तिच्यात डायलिसिसच्या जाड सुया टोचता येतात. बाहेरचं काही अंगात ठेवायचं नसल्यामुळे जंतूंची भीती सर्वांत कमी. १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या साथीदारांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. त्याला साठ वर्षं होत आली तरी चांगल्या चालणाऱ्या फिस्टुलापेक्षा टिकाऊ काही आमच्या हाताशी आलेलं नाही. ऑपरेशन बहुतेक वेळा हातापुरती भूल देऊन होतं, दीड-दोन तासांचं काम असतं.

इथपर्यंत सगळे डॉक्टर सांगतात. यापुढचं सांगायला आम्ही कचरतो.

पहिलं म्हणजे, फिस्टुला चालेलच असं नाही. अमेरिकेत ८७७ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली होती, २००८ साली ती छापून आली. तिच्यात जवळपास ६० टक्के फिस्टुला ठरलेल्या मुदतीत डायलिसिसला वापरण्याजोगे झाले नव्हते. माझ्याकडे चित्र इतकं वाईट दिसत नाही, पण मधुमेह, साठीपुढचं वय आणि मनगटाच्या धमनीत चुना साठलेला असला की मी घरच्यांना आधीच म्हणते, "पहिला चालला तर नशीब, दुसऱ्याची तयारी ठेवा." आप्पा या गटात बसतात. म्हणून शस्त्रक्रियेआधी हाताची डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी, सोनोग्राफी झालीय का ते बघा. शीर आणि धमनी दोन्ही साधारण दोन मिलिमीटरच्या पुढे असतील तर मनगटावर प्रयत्न करायला अर्थ आहे. त्याहून बारीक असतील तर सर्जन कोपराजवळ जाण्याचं सुचवतील, आणि ते त्यांनी आप्पांना टेबलावर घेतल्यावर नव्हे, आधी सांगायला हवं.

दुसरं, कोपराजवळच्या फिस्टुलात, त्यातही मधुमेहींमध्ये, कधी कधी हाताला रक्त कमी पडतं. चारीनेच सगळं पाणी ओढलं तर टेलच्या, म्हणजे शेवटच्या, शेताला थेंब पोचत नाही, तसं. बोटं गार पडतात, मुंग्या येतात, दुखतात. फार झालं तर फिस्टुला बारीक करावा किंवा बंद करावा लागतो. ऑपरेशन झाल्यावर लगेच त्याच दिवशी हात लुळा वाटला, बोटं हलेनाशी झाली, तर सकाळची वाट न बघता सर्जनला बोलवायचं.

तिसरं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं आणि ते कोणत्याच छापील फॉर्मवर मी पाहिलेलं नाही. फिस्टुलाला हो म्हणणं म्हणजे सुयांना हो म्हणणं. प्रत्येक डायलिसिसला दोन सुया, सोळा-सतरा नंबरच्या, सलाइनच्या सुईपेक्षा चांगल्या जाड. आठवड्याला तीन डायलिसिस धरली तर वर्षाला तीनशेच्या वर टोचण्या. गळ्यातल्या नळीला टोचणं नसतं, नुसतं झाकण उघडून जोडायचं. म्हणून काही रुग्ण फिस्टुला मस्त तयार झाल्यावरही म्हणतात, "राहू द्या ना ती नळी." हे आधी सांगितलं नाही तर ऑपरेशन फुकट जातं. मी रुग्णाला युनिटमध्ये नेते, चालू फिस्टुला असलेल्या एखाद्या जुन्या रुग्णाची परवानगी घेते आणि नव्याची बोटं त्याच्या मनगटावर ठेवते. ती थरथर, मांजर गुरगुरावं तशी, हाताला लागली की माणूस दचकतो. मग तो जुना रुग्ण स्वतःच सुयांचं, सुजेचं, कुठली सिस्टर हलक्या हाताने टोचते ते सगळं सांगतो. माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा ते पाच मिनिटांचं बोलणं जास्त उपयोगी पडतं, हे मला कबूल केलं पाहिजे.

आणि हात कोणता? साधारण ज्या हाताने आपण काम करत नाही तो निवडतात, म्हणून "डावा" हे इतकं सवयीचं झालंय की विचारायचंच राहून जातं. माझ्याकडे एक शिंपी होते, डावखुरे. सगळ्या कागदांवर डावा हात लिहिलेला, मार्करने खूणही झालेली. ऑपरेशन थिएटरच्या दारात वॉर्डबॉय मामांनी त्यांना चहाचा कप दिला असता तर कळलं असतं, पण उपाशीपोटी असल्यामुळे तेही नाही. त्यांनी सही करताना पेन डाव्या हातात घेतलं तेव्हा आमच्या सिस्टरच्या लक्षात आलं. तेव्हापासून मी नावाखाली "कामाचा हात" असा एक रकाना पेनाने आखून घेते.

बायकांच्या बाबतीत बांगड्यांचं सांगायचं राहून जातं. फिस्टुलाच्या मनगटावर घट्ट काही चालत नाही, बांगड्या, घड्याळ, गंडा, काहीच नाही. त्या हाताला बीपी घ्यायचं नाही, रक्त काढायचं नाही, त्यावर झोपायचं नाही, कळशी-पोतं उचलायचं नाही. एका काकूंना मी हे ऑपरेशननंतर सांगितलं. त्या म्हणाल्या, "नवरा जिवंत असताना डावा हात मोकळा ठेवू? आधी बोलला असतात तर कोपरावर करून घेतलं असतं." त्यांचा निर्णय मला पटला असता की नाही हा प्रश्न वेगळा. निर्णय त्यांचा होता आणि माझ्या विसरण्यामुळे तो त्यांना घेता आला नाही. आप्पांना असं काय महत्त्वाचं आहे ते तुम्हाला माहीत असेल. म्हैस ते स्वतः पिळतात असं तुम्ही लिहिलंय, तर टाके सुकेपर्यंत ते बंद. नंतर मात्र आम्ही जो रबरी चेंडू दाबायला सांगतो त्यापेक्षा धार काढणं हा वाईट व्यायाम नाही, फक्त सर्जनला विचारून सुरू करा आणि लाथेपासून हात सांभाळा.

काही गोष्टी मला इथून सांगता येणार नाहीत, त्या तपासण्यांवर अवलंबून आहेत. आप्पांचं हृदय किती जोराने पंप करतंय ते इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, कळेल. पंप फार कमजोर असेल तर फिस्टुलाचा जास्तीचा प्रवाह त्याला झेपेल का याचा विचार करावा लागतो. आता अंगात जंतुसंसर्ग असेल किंवा बीपी सारखं पडत असेल तर शुक्रवार पुढे ढकलणं शहाणपणाचं. घरात किडनी देणारं कुणी असेल आणि प्रत्यारोपण दोन-तीन महिन्यांत होण्याजोगं असेल, तर पर्मकॅथवर काढून फिस्टुला टाळावा का, यावर डॉक्टरांमध्येही दोन मतं दिसतील. पोटातून करायचं डायलिसिस आप्पांना जमेल का, हाही पर्याय त्यांच्या कानावर घालायला हवा, त्याला फिस्टुला लागत नाही. आणि किडनी परत सुरू होण्याची काही आशा आहे का? पंधरा वर्षांचा मधुमेह पाहता मला ती कमी वाटते, पण सोनोग्राफीत किडनीचा आकार काय आलाय ते विचारून घ्या. "कदाचित सुधारेल" या आशेवर कुणी फिस्टुला पुढे ढकलत असेल तर त्या आशेला काही आधार आहे का ते तरी कळू द्या.

आता शुक्रवारच्या आधी काय करायचं. सर्जन आणि किडनीचे डॉक्टर, दोघांपैकी एकाला तरी पंधरा मिनिटं मागा, आप्पांच्या खाटेशी. कॉरिडॉरमध्ये नको. तुम्ही शेजारी बसा, पण प्रश्न आप्पांनी विचारायचे. डायलिसिस झाल्या झाल्या ही बैठक ठेवू नका, माणूस गळून गेलेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं सर्वांत ताजं असतं. बोलणं संपलं की मी रुग्णाला विचारते, "आता घरी काकूंचा फोन आला तर त्यांना काय सांगाल?" तो जे सांगतो त्यावरून मला कळतं मी काय समजावलंय. एकदा एकाने सांगितलं, "हातात मशीन बसवणारेत." मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

कागदाचं थोडक्यात. कोऱ्या जागा असलेल्या फॉर्मवर सही नको. ऑपरेशनचं नाव, हात कोणता, करणाऱ्या डॉक्टरचं नाव, तारीख, वेळ भरलेली हवी. फॉर्म मराठीत मागा, आणि नसेल तर कुणी वाचून दाखवला त्याचं नाव त्यावर येऊ द्या. अंगठा असेल तर साक्षीदार दवाखान्याबाहेरचा घ्या. मी फॉर्मच्या तळाशी हाताने दोन ओळी लिहिते: "फिस्टुला पहिल्यांदा तयार न होण्याची शक्यता सांगितली. पुन्हा ऑपरेशन लागू शकतं हे सांगितलं." तुमच्या डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर आप्पांनी लिहावं, कुणी अडवणार नाही. पुढे फिस्टुला चालला नाही तर त्या ओळींमुळे घरातही भांडण होत नाही आणि दवाखान्यातही. सही केली म्हणजे डॉक्टरचा हलगर्जीपणाही मान्य केला असा तिचा अर्थ होत नाही, ही भीती तुमच्या लिहिण्यातून दिसली म्हणून सांगते. त्या रात्रीचे कागद बघायचे असतील तर लेखी अर्ज द्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. मी तुमच्या जागी असते तर भांडायला म्हणून नाही, आप्पांना दाखवायला म्हणून त्या मागवल्या असत्या. किती पोटॅशियम होतं, किती वाजता आले, किती वाजता मशीन लागलं, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचू द्या. महात्मा फुले योजनेत नाव असेल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला एवढंच विचारा, की हे ऑपरेशन त्यात बसतं का, आणि पहिला फिस्टुला चालला नाही तर दुसऱ्याचं काय.

हे सगळं ऐकूनही आप्पा नाही म्हणाले तर? म्हणू द्या. समजून दिलेला नकारही तितकाच वैध आहे, तो कागदावर लिहून घेतला जाईल. डायलिसिस त्यामुळे कुणी बंद करू शकत नाही. पर्मकॅथवर चालू राहील, जंतूंचा धोका अंगावर घेऊन. माझ्याकडे असे नाही म्हणालेले पुष्कळ रुग्ण दोन-तीन महिन्यांनी स्वतः येऊन विचारतात, "तो हाताचा विषय काढला होता ना तुम्ही?" तोवर एक काम आजपासून करा: तो हात राखून ठेवा. बारा दिवसांत सलाइनं कुठल्या हाताला लागली ते बघा. डावा हात टोचून काळानिळा झाला असेल तर डॉपलर करणाऱ्याला सांगा. यापुढे सलाइन, रक्ततपासणी सगळं उजव्या तळहाताच्या पाठीवर. रात्रपाळीच्या सिस्टरला आठवण राहावी म्हणून आप्पांच्या डाव्या हातावर पेनाने "टोचू नका" असं लिहिलंत तरी चालेल, आमच्याकडे लिहितात.

आणि हो म्हणाले, ऑपरेशन झालं, तर रोज सकाळी दात घासायच्या आधी मनगटावर बोटं ठेवून थरथर बघायची सवय लावा. एखाद्या सकाळी ती लागली नाही तर त्याच दिवशी, दुपारच्या आत, दवाखान्यात. गुठळी ताजी असेल तर फिस्टुला वाचवता येतो, दोन-तीन दिवस गेले की अवघड होतं. तेव्हाही एक नवा फॉर्म पुढे येईल. जाताना आप्पांचा चष्मा बरोबर घ्या.